पोटरीत गोळा येतो तेव्हा
(ज्येष्ठांच्या मेळाव्यातील मनोगत)

मंडळी, रात्री पोटरीत गोळा येतो अशी तक्रार आपल्याकडे घरोघरी आहे. मलाही यायचा. तपासणीत माझं मॅग्नेशियम १.२ निघालं, साधारण १.७ ते २.२ हवं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आणि पित्तासाठी पॅन्टोप्राझोल मी कित्येक वर्षं घेत होतो. दोन्हींमुळे मॅग्नेशियम घटू शकतं; ते फार घटलं की पोटॅशियम, कॅल्शियमही उतरतं. डॉक्टरांनी औषधं बदलली, तेव्हा आराम पडला.

पण प्रत्येक गोळा मॅग्नेशियमचाच नसतो. म्हणून माझं पाहून कुणी दुकानातून गोळ्या आणू नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम अंगात साठतं, जिवावर बेततं. चालू औषधही मनाने बंद करू नका. आधी तपासणी, मग डॉक्टर सांगतील ते.

गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं आपल्याकडे ओढा. जेवणात नाचणी, राजगिरा, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे असू द्या. मात्र छातीत धडधड झाली किंवा झटका आला, तर सकाळची वाट पाहू नका. शेजारची बेल वाजवा. २५ वर्षं आपण ती हक्काने वाजवत आलोय!