गप्प झालेले उपग्रह

निकामी ठरलेला उपग्रह एकवीस वर्षांनी पुन्हा बोलू लागला, असं ऐकलं की चमत्कार वाटतो. खरं पाहता चूक आपल्या समजुतीत असते. आवाज थांबला म्हणजे यंत्र संपलं, असं आपण धरून चालतो. हौशी रेडिओचालकांसाठी बांधलेला ‘ऑस्कर-७’ १५ नोव्हेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातून अवकाशात गेला आणि १९८१ च्या मध्यावर गप्प झाला. त्याची बॅटरी शॉर्ट झाली होती. सौरपट्ट्या वीज बनवतच होत्या, पण ती त्या शॉर्टमधूनच वाहून जाई. ट्रान्समीटरपर्यंत काही पोचतच नसे. धरण भरलेलं, पण पाट वाटेतच फुटलेला, अशी गत. २१ जून २००२ रोजी ब्रिटनमधले पॅट गोवेन यांना त्याचे संकेत ऐकू आले. जाणकारांनी लावलेला अर्थ असा, की बॅटरीतली शॉर्ट झालेली जोडणी आतून तुटली आणि वीज सरळ ट्रान्समीटरला मिळू लागली. म्हणजे बिघाड दुरुस्त झाला नाही, तो आणखी वाढला, आणि म्हणून उपग्रह जागा झाला! आता वीज साठवायला काही नाही. पृथ्वीच्या सावलीत शिरला की तो गप्प होतो, उन्हात आला की पुन्हा सुरू.

कुणी म्हणेल, हा एखादा योगायोग. त्यासाठी जुन्या उपग्रहांचे कागद आणि यंत्रणा जपण्याचा खर्च कशाला? पण १९६७ मध्ये थांबलेला अमेरिकेचा ‘एलईएस-१’ २०१३ मध्ये इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये ऐकू आला. गिरक्या घेताना त्याच्या पट्ट्यांवरचं ऊन कमीजास्त होतं, तसा त्याचा सूरही कापरा येतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: असे संकेत चालू दळणवळणात अडथळा आणतील, त्यांना बंदच करायला हवं. मान्य. पण बंद करायचं तरी आज्ञा कोणत्या, त्या कशा पाठवायच्या, हे माहीत हवं. वापरायचं असो की थांबवायचं, जुने कागद आणि जुनी यंत्रणा दोन्हींसाठी लागते, आणि नेमकी तीच आपण आधी मोडीत काढतो. नासाचा ‘इमेज’ डिसेंबर २००५ मध्ये हरवला. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातले हौशी निरीक्षक स्कॉट टिली दुसराच उपग्रह शोधत असताना त्यांना तो सापडला. नासानं ओळख पटवली खरी, पण त्याच्या नियंत्रणकक्षातली यंत्रं आणि ऑपरेटिंग सिस्टिम तोवर वापरातून गेली होती. जुनं सॉफ्टवेअर नव्या यंत्रांवर चालेल असं करून घ्यावं लागलं.