मोरीचे पाणी आणि केळीचे झाड

(मिशनच्या देणगीदार मेळाव्यात केलेले भाषण)



पाड्यांवरच्या पाण्याविषयी बोला, असे मला सांगण्यात आले. पाणी म्हटले की आपल्याला विहीर, टाकी, नळ आठवतो. मी आज घरातून बाहेर जाणाऱ्या पाण्याविषयी बोलणार आहे. न्हाणीतले पाणी, कपड्यांचे पाणी, भांडी घासलेले पाणी.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरी एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. उतार मोठा, माती पातळ आणि खाली काळा कातळ, त्यामुळे पडलेले पाणी थांबत नाही. मग एकावर एक हंडे घेऊन बाया दरीतून वर येतात. असे डोक्यावरून आलेले पाणी एकदा वापरून अंगणात सोडून द्यायचे, तिथे डबके होऊ द्यायचे, डास होऊ द्यायचे, हे परवडणारे नाही. पाड्यावरच्या बायांना हे आपल्या आधीपासून कळते. तांदूळ-नागली धुतलेले पाणी त्या गुरांना देतात, पोरांना आंघोळ घालतात ती वेलाच्या मुळाशी. आपण त्यांना काटकसर शिकवायला जात नाही. त्यांच्या काटकसरीला थोडी खडी आणि दोन पाइप यांची जोड द्यायची आहे, एवढेच.

आता नळही येत आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घराचे झाले २७५ लिटर. त्यातले सुमारे ७० टक्के, म्हणजे १९० लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. नळ आला आणि सांडपाण्याची सोय झाली नाही, तर दारापुढचे डबके मोठेच होणार.

ही सोय करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला शोषखड्ड्याचा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून डासांना हटवले आणि ती पद्धत ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर माहीत झाली. जिथे जमीन पाणी पिते तिथे तो मार्ग स्वस्त आणि चांगला आहे. पण जिथे दोन फुटांवर कातळ लागतो तिथे खड्डा भरून राहतो. शिवाय जिथे पाणीच थोडे, तिथे ते मुरवण्यापेक्षा पुन्हा वापरलेले बरे. म्हणून दुसरा मार्ग, खडीच्या गाळणीचा.

ती कशी करायची ते सांगतो. मोरीच्या तोंडाशी जाळी बसवायची, म्हणजे खरकटे अडते. तिथून पाणी एका लहान टाकीत जाते. आपल्याकडे भांडी राखेने किंवा मातीने घासतात. ती राख टाकीत खाली बसते, तेलकट तवंग वर तरंगतो आणि मधले पाणी पुढे जाते. पुढे साधारण ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल असा खड्डा. त्याला आतून जाड प्लास्टिक कागद किंवा विटांचे बांधकाम. दोन्ही टोकांना मोठी खडी, मधे बारीक धुतलेली खडी, आणि त्यात कर्दळ लावलेली. पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली दहा सेंटिमीटर राहील, अशा बेताने बाहेर जाणारा पाइप बसवायचा. पाणी उघडे राहिले नाही की डासांना अंडी घालायला जागा मिळत नाही.

खडीच्या फटींत सुमारे ५०० लिटर पाणी मावते, म्हणजे रोजचे १९० लिटर पाणी आत अडीच दिवस रेंगाळते. तेवढ्या वेळात खरे काम होते. खडीवर बुळबुळीत थर धरतो. तो घाण नाही, ते जिवंत जीवाणू आहेत. साबणाचा, अन्नाचा, अंगाच्या मळाचा अंश हेच त्यांचे अन्न. हा थर धरायला काही आठवडे लागतात, तोवर पाण्याला वास येतो आणि लोक म्हणतात, ‘हे काही चालत नाही.’ तिथे धीर धरावा लागतो. आणि मोरीत फिनेल, ॲसिड किंवा ब्लीचिंग पावडर ओतली, तर ते जीवाणू मरतात आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते.

बाहेर येणारे पाणी प्यायचे नाही, साठवूनही ठेवायचे नाही. ते त्याच दिवशी केळी, पपई, शेवगा यांच्या मुळाशी द्यायचे. कोथिंबीर, टोमॅटो अशा कच्च्या खाण्याच्या भाजीवर शिंपडायचे नाही. साबणातला क्षार एकाच झाडाखाली साठू नये म्हणून झाड बदलत राहायचे. संडासाचे पाणी आणि बाळाची दुपटी धुतलेले पाणी या गाळणीत सोडायचे नाही. पावसाळ्यात वरचे पाणी आत शिरू नये म्हणून कडेने मातीचा बांध हवा.

हे शाळेतही होते. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने युनिसेफबरोबर मध्य प्रदेशातल्या धार आणि झाबुआ या आदिवासी जिल्ह्यांतील आश्रमशाळांत मुलांच्या आंघोळीचे पाणी गाळून संडासासाठी आणि बागेसाठी वापरले. त्याची मार्गदर्शिका २००७ साली निघाली. संडास बांधलेला, पण ओतायला पाणी नाही म्हणून कुलूपबंद, हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यावरचे हे उत्तर आहे.

आता जे सांगण्यासाठी मी उभा आहे ते सांगतो. गाळणी बांधणे सोपे आहे. नारळ फुटतो, फोटो निघतो, देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. पण टाकीतली राख दर आठवड्या-दोन आठवड्यांनी काढली नाही, तर ती खडीत शिरते, पाणी तुंबते, आणि मग घरातली बाई पाइप काढून पाणी पुन्हा अंगणात सोडते. तिचे चुकत नाही. पाणी तिनेच आणायचे आणि गाळही तिनेच काढायचा, असे ठरवून टाकले तर कोणतीही योजना टिकणार नाही. म्हणून पाड्यावर बैठक घेताना आधी पुरुषांना विचारायला हवे की टाकी कोण उपसणार. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय खड्डा खणू नये.

आणि आपल्यालाही एक प्रश्न आहे. दहा नव्या गाळण्यांसाठी देणगी सहज जमते. एका कार्यकर्त्याने तीन वर्षे दर महिन्याला पाड्यावर जाऊन झाकण उघडून पाहावे, यासाठी कोणी पाकीट देत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही. पाच हजारांच्या जेवणानंतर उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या भरायला कोणीतरी गवतात वाकले होते. ते वाकण्याचे काम मी तुमच्याकडे मागतो आहे.

माझी विनंती अशी. यंदा जो गाळणीसाठी देईल, त्याने तेवढीच रक्कम तिच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी द्यावी. दोन्ही जमत नसेल तर नवी गाळणी राहू द्या आणि आधीच्या गाळणीच्या देखभालीसाठी द्या. दहा बांधून आठ बंद पडण्यापेक्षा पाच बांधून पाचही चालू राहिलेल्या बऱ्या. आणि कोणाला पाड्यावर यायचे असेल त्याने पाटी पाहायला येऊ नये, झाकण उघडून आत राख किती साठली आहे ते पाहावे.