चिखलदऱ्याचं पाणी

चिखलदऱ्याहून माणूस परत आला की वऱ्हाडात त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "कोणकोणते पॉइंट पाहिले?" मग तोही उत्साहानं बोटांवर मोजून सांगू लागतो. देवी पॉइंट झाला, हरिकेन पॉइंट झाला, पंचबोलला हाका मारून झाल्या, भीमकुंड पाहिलं, वैराटला सूर्यास्त पाहिला. यादी संपली की सहल संपली. या यादीत तलावाचं नाव आलंच तर अगदी शेवटी येतं. "हो, तलावही आहे तिथं. पोरांनी नावेत एक चक्कर मारली."

श्रोतेहो, आज मला या शेवटी राहून जाणाऱ्या तलावाविषयीच बोलायचं आहे. चिखलदऱ्याचा डोंगर समजून घ्यायचा असेल, तर कड्यावर उभं राहून खाली पाहण्याआधी तलावाच्या काठी उभं राहून पाण्याकडं पाहावं, असं माझं मत झालं आहे.

आपल्या विदर्भातलं हे थंड हवेचं ठिकाण सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर वसलं आहे. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं, म्हणून ही कीचकदरा आणि तिचं पुढं चिखलदरा झालं, अशी लोककथा आहे. इंग्रजांच्या नोंदीत मात्र या जागेचा शोध हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सन यांनी १८२३ साली लावला, असं लिहिलेलं आढळतं. गवळी आणि कोरकू लोक तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, तेव्हा हा 'शोध' कोणाच्या दृष्टीनं, हे आपण समजून घ्यायचं. साहेबांनी इथं बंगले बांधले, कॉफी लावली. महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखलं जाणारं हे ठिकाण आपल्या अमरावती जिल्ह्यात आहे, हे बाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही.

गेल्या मे महिन्याच्या शेवटी आम्ही उभयता आणि नात असे तिघं चिखलदऱ्याला चार दिवस राहिलो. अकोल्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास रेंगाळत होता. परतवाडा सोडून घाट चढू लागलो तशी गाडीच्या खिडकीतून येणारी हवा बदलली आणि वर पोचलो तेव्हा रात्री चादर अंगावर घ्यावी लागली. आमचं हॉटेल लहानसंच होतं, शक्कर तलावाच्या वरच्या अंगाला. खोलीच्या खिडकीतून तलाव दिसायचा. पाणी बरंच खाली गेलेलं, काठाशी वाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा आणि त्यावर ढोरांच्या खुरांचे ठसे.

पहिल्याच सकाळी हॉटेलचा माणूस गरम पाण्याच्या बादल्या घेऊन आला. एकेकाला एकेक बादली. नातीनं आणखी एक मागितली, तेव्हा तो अगदी नरमाईनं म्हणाला, "काकाजी, पानी घ्या, नाई म्हनत नाई. पन पुरवून वापरा. थो तलाव दिसते ना खिडकीतून, थ्याच्यातलंच हाये हे. अजून पंधरा-वीस दिवस काढाचे हायेत आमाले."

नातीनं खिडकीतून तलावाकडं पाहिलं, मग बादलीकडं पाहिलं. शहरात नळ सोडला की पाणी येतं. ते कुठून येतं, हे दिसत नाही. इथं मात्र बादली आणि तलाव दोन्ही एकाच नजरेत होते. पुढचे तिन्ही दिवस तिनं आंघोळ एका बादलीत उरकली आणि आम्हालाही दुसरी घेऊ दिली नाही.

आता कोणी विचारील, चिखलदऱ्यात तर धो धो पाऊस पडतो, मग तिथं पाण्याची टंचाई कशी? प्रश्न रास्त आहे. खाली अकोला-अमरावतीच्या मैदानात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट या डोंगरावर पडतो. पावसाळ्यात इथं आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही. दरीतून ढग वर येतात आणि थेट घरात शिरतात. पण हा डोंगर काळ्या पाषाणाचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून तो झाला. वर मातीचा थर पातळ, खाली कठीण खडक आणि चारी बाजूंना उभे उतार. त्यामुळं पडलेलं पाणी मुरण्याआधीच उताराला लागतं. धबधब्यांचे फोटो आपण हौसेनं काढतो, पण तो धबधबा म्हणजे डोंगराला धरून ठेवता न आलेलं पाणी असतं. म्हणून इथं माणसाला वस्ती करायची तर पाणी अडवावं लागतं. तलाव आहे म्हणून गाव आहे. आमच्यासारख्या पाहुण्यांची खोलीसुद्धा तलावाच्याच भरवशावर उभी आहे.

ही गोष्ट जुन्या लोकांना पक्की ठाऊक होती, हे पाहायचं असेल तर गाविलगडावर जावं. चिखलदऱ्यापासून किल्ला अगदी जवळ आहे. मूळचा गवळ्यांचा गड, त्याला पुढं बहामनी सुलतान अहमदशहा वली यानं १४२५ च्या सुमारास पक्कं रूप दिलं. लोक तिथं जातात ते दरवाजे, तोफा आणि दगडातली शिल्पं पाहायला. आम्ही आत शिरलो आणि देवतलाव, मच्छीतलाव शोधत निघालो. डोंगराच्या माथ्यावर, एवढ्या उन्हात, तलावात पाणी पाहिलं की किल्ला बांधणाऱ्याची नजर कळते. आधी पाणी, मग तट.

इथं इतिहासातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८०३ सालच्या २९ नोव्हेंबरला आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांची लढाई झाली. तिथून आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन गाविलगडावर आले. हा वेलस्ली म्हणजे पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. तलाव असलेला गड वेढा घालून, तहानेनं झुकवणं सोपं नव्हतं. इंग्रजांनी डोंगरातून नवी वाट काढली, जड तोफा वळसा घालून उत्तरेच्या बाजूला चढवल्या, तट फोडला आणि १५ डिसेंबरला किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. गड पडला तो तोफांनी. त्याच्या पाण्यानं त्याला दगा दिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी आम्ही डोंगराच्या पलीकडच्या उतारानं सेमाडोहला उतरलो. इथून खरं मेळघाट सुरू होतं. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. मे महिन्यात हे जंगल पाहून शहरी माणूस थोडा हिरमुसतो. साग पूर्ण निष्पर्ण, पायाखाली वाळक्या पानांचा खच, डोंगर राखाडी. पण ओढ्याच्या कडेनं मात्र जांभूळ, करंज, अर्जुन हिरवेगार उभे असतात. त्या हिरव्या रेषेनं नजर नेत गेलं की पाणी सापडतं.

सेमाडोहजवळून सिपना नदी वाहते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. उन्हाळ्यात ती वाहायची थांबते आणि डोहाडोहांत उरते. सेमाडोह या नावातच डोह आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही. हे डोह आणि वनखात्यानं तयार केलेले पाणवठे यांवरच सगळं रान जून उजाडेपर्यंत तग धरतं. म्हणून तर बुद्धपौर्णिमेच्या रात्री, चंद्रप्रकाशात, पाणवठ्यावरच्या मचाणांवर बसून प्राण्यांची मोजदाद करायची पद्धत पडली. त्या दिवसांत सगळ्यांनाच पाण्यावर यावं लागतं. वाघ असो, अस्वल असो की ससा असो.

आम्हाला वाघ दिसला नाही. जिप्सी एका डोहाच्या वर थांबवून वाटाड्यानं आम्हाला गप्प बसवलं. बराच वेळ काही झालं नाही. लांब कुठं तरी पावशा ओरडत होता. मग समोरच्या काठावरून रानगव्यांचा कळप खाली आला. पुढं मोठी मादी, मागं दोन वासरं. पायांना पांढरे मोजे घातल्यासारखे दिसणारे ते धिप्पाड जनावर पाणी पिताना किती सावध असतं! एक प्यायचा, दुसरा मान वर करून पाहायचा. पिऊन झालं तसे ते आवाज न करता वर चढून गेले. मारुती चितमपल्ली या मेळघाटात वनाधिकारी होते. पाण्याकाठी बसून रान वाचायची गोडी मराठी वाचकाला ज्यांनी लावली, त्यांत त्यांचं नाव आधी घ्यावं लागेल. २०२५ साली ते गेले. त्या डोहाकाठी त्यांची आठवण आल्याशिवाय राहिली नाही.

परतताना आम्ही अकोल्याचा सरळ रस्ता न धरता अकोटवरून शहानूरला वळलो आणि नरनाळ्याला गेलो. गाविलगडाचा हा अकोला जिल्ह्यातला भाऊ. त्याचा महाकाली दरवाजा पाहून कोणीही थक्क होतो. पण आमच्या मनात आता तलाव होता. गंमत अशी, की नरनाळ्याच्या माथ्यावरही एक मोठा तलाव आहे आणि त्याचंही नाव शक्कर तलाव. तो कधी आटत नाही, असं तिकडचे लोक अभिमानानं सांगतात. एकाच डोंगररांगेच्या दोन टोकांना, दोन जिल्ह्यांत, दोन शक्कर तलाव! नाव कसं पडलं याच्या कथा असतील त्या असोत. या कोरड्या डोंगरात उन्हाळ्यातलं घोटभर पाणी साखरेसारखंच वाटलं असणार.

श्रोतेहो, इथवर ऐकून कोणी म्हणेल, चिखलदऱ्याचं पाणी हा चिखलदऱ्याचा प्रश्न. आम्ही मैदानातली माणसं, आम्हाला काय त्याचं? तर माझं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. तिथं विहीर खोदली तर पाणी लागतं, पण ते खारट. लहानपणी आमच्या घरी त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे, म्हणून आई गोड्या पाण्याची घागर लांबून आणायची आणि ती घागर आम्हा पोरांना शिवायची परवानगी नव्हती. आज त्या भागातल्या कितीतरी गावांना नळानं गोडं पाणी मिळतं. ते येतं कुठून? तेल्हारा तालुक्यात वान नदीवर हनुमान सागर धरण आहे. चौऱ्याऐंशी खेडी योजना त्याच्यावर चालते. अंजनगाव, दर्यापूरकडं शहानूर धरणाचं पाणी जातं. वान काय, शहानूर काय, दोन्ही नद्या उतरतात त्या मेळघाटच्या डोंगरातून. जंगल आहे म्हणून त्या डोंगरावरून पाणी थोडं सबुरीनं उतरतं, माती कमी वाहते आणि धरण गाळानं लवकर भरत नाही. आपण ज्याला सहलीचं ठिकाण म्हणतो, ते आपल्या स्वयंपाकघरातल्या हंड्याचं माहेर आहे.

आणि या माहेराला स्वतःलाच पाणी पुरत नाही. चिखलदरा तालुक्यातल्या खडीमलसारख्या कोरकू गावांत टँकर येतो, पाणी विहिरीत ओततो आणि बायाबापड्या दोरी-बादली घेऊन तुटून पडतात, ही दृश्यं आपण वर्षानुवर्षं उन्हाळ्यात पाहत आलो. दुसरीकडं पर्यटन वाढावं म्हणून प्रयत्न चालले आहेत. गोराघाट ते हरिकेन पॉइंट असा स्कायवॉक उभारण्याचं काम सिडकोनं हाती घेतलं. पर्यटन वाढावं, स्थानिक पोरांना काम मिळावं, याला विरोध कोण करील? पण नवी खोली बांधताना तिच्यासाठी रोज किती बादल्या लागतील आणि त्या कुठून येतील, याचा हिशेब आधी झाला पाहिजे. छपरावर पडणारा पाऊस टाक्यात उतरवला पाहिजे. उन्हाळ्यात तलाव खाली जातो, तेव्हाच गाळ काढला पाहिजे. यात नवीन काही नाही. गाविलगड, नरनाळ्यावर तलाव बांधणाऱ्यांनी पाण्याचा हाच विचार करून ठेवला आहे.

आपण पाहुण्यांनीही थोडं करण्यासारखं आहे. तलावाच्या काठी गाडी धुऊ नये. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दरीत फेकू नयेत, घरी आणाव्यात. हॉटेलात एक बादली मिळाली तर तक्रार करू नये. कोरकू माणसाशी बोलताना वाघ कुठं दिसतो हे विचाराच, पण तुमच्या गावाला पाणी कुठून येतं, हेही विचारा. तो जे सांगेल, त्यातून जंगलाची जी ओळख होईल, ती दुर्बिणीतून होणार नाही.

पावसाळ्यात चिखलदऱ्याला गर्दी होते, ती व्हावीच. धुकं, धबधबे, रस्त्याकडेची भाजलेली मक्याची कणसं, सगळं गोड आहे. पण एकदा तरी मे महिन्यात जाऊन दोन रात्री तलावाकाठी राहा. उतरलेलं पाणी पाहा, काठावरचे ठसे पाहा. घरी परत आल्यावर नळ सोडाल, तेव्हा हात जरा आखडता होईल आणि ही सहल पावली, असं समजायला हरकत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)