जुन्या इमारती आणि नवे भाडेकरू
(महोत्सवाच्या सभेत धामणगाव बढे येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या सभेत मागे वळून पाहण्याचा प्रघात आहे. व्यवस्थापक मंडळींनी आम्हांस विषयाची मोकळीक दिली, तेव्हा स्तुतिस्तोत्रांचा मार्ग सोडून आम्ही दगडविटांकडे वळावयाचे ठरविले. कारण असे की, अलीकडे आपल्यांतील तीन-चार तरुण आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन आले: वडिलांचे दुकान ओस पडले आहे, भाडेकरू निघून गेला आहे, आता भिंती पाडून जागा मोकळी करावी, की डागडुजी करून नवा भाडेकरू पाहावा? प्रश्न घरगुती खरा, परंतु मुंबईसारख्या शहराला तो गेली पाऊणशे वर्षे छळीत आहे. म्हणून आधी तिकडची हकीकत सांगतो.

१९४७ साली मुंबई सरकारने घरभाडे नियंत्रणाचा कायदा केला. युद्धकाळात शहरात माणसांची दाटी झाली होती व मालक वाटेल ते भाडे मागत होते. त्यास आळा घालणे अवश्यच होते. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच सामान्यतः योग्य भाडे ठरले, आणि पुढे महागाई कितीही वाढली तरी ते जवळजवळ तेथेच राहिले. गरिबाच्या डोक्यावरील छप्पर या कायद्याने राखले, हे आम्ही कृतज्ञतेने म्हणतो. पण ज्या छपराची राखण झाली तेच गळू लागले, त्याला काय म्हणावे? भाड्याच्या रकमेत कौलेही येईनात, तेव्हा मालकाने दुरुस्ती सोडली. भाडेकरूने परक्याच्या भिंतीवर पैसा घालणे नाकारले. आणि दोघांच्या मध्ये पागडी नावाचा तिसराच व्यवहार कागदाबाहेर चालू लागला. अखेर १९६९ साली सरकारला दुरुस्तीसाठी स्वतंत्र कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसवावा लागला. अशा इमारती १९ हजारांहून अधिक भरल्या. एवढ्या घरांचा भार एका मंडळाने वाहावा, ही अपेक्षाच आम्हांस भाबडी वाटते.

या दुरवस्थेचे मूर्तिमंत उदाहरण काळा घोडा येथे उभे आहे. वॉटसनचे हॉटेल एके काळी मुंबईतील थाटाचे निवासस्थान होते. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा विलायतेत घडवून जहाजाने आणिला होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली ती याच वास्तूत. पुढे हॉटेल बंद पडले, दालनांचे तुकडे झाले, आणि समोरच्या न्यायालयांच्या सोयीने वकिलांच्या कचेऱ्या व बारीकसारीक दुकाने त्यांत शिरली. प्रत्येकाने आपल्यापुरती भिंत रंगविली. लोखंडाकडे कोणी पाहिले नाही. २००५ च्या जुलैत दर्शनी बाजूचा काही भाग कोसळला आणि २०१९ साली न्यायालयाच्या आदेशाने इमारत रिकामी झाली.

आता दुसरी बाजू पाहावी. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भाडे असे कायमचे गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अन्यायाचे झाले आहे. त्यानंतरचा १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने साध्या भाडेकरूचे संरक्षण ठेविले व वर्षाला शेकडा ४ वाढ दिली. परंतु बँका, सरकारी महामंडळे, परदेशी कंपन्या व एक कोटी रुपये अथवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असणाऱ्या कंपन्या यांना संरक्षणाबाहेर काढिले. परिणाम असा की, फोर्ट विभागातील मोठमोठे मजले जुन्या नाममात्र भाड्याने धरून बसणे धनाढ्यांना अवघड झाले, आणि मालकांना दुरुस्तीत फायदा दिसू लागला.

मग दुकाने पालटू लागली. हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन इमारतीत २०१२ साली एका अमेरिकन कंपनीने टाटांच्या भागीदारीत हिंदुस्थानातील आपले पहिले कॉफीगृह उघडिले. फ्लोरा फाउंटनजवळील इस्माईल इमारतीची निगुतीने डागडुजी होऊन २०१७ साली तेथे झारा नावाचे स्पेनचे कापडदुकान आले. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेलेही, व दुसऱ्या कपडेवाल्यांनी जागा घेतली. भाडेकरू आठ वर्षांत पालटला. दुरुस्त केलेली भिंत मात्र जागीच राहिली, हे आम्हांस विशेष वाटते. दादाभाई नौरोजी रस्त्यावर तर याहून जुनी मौज आहे. व्हाईटअवे लेडलॉ या विलायती मालाच्या मातबर दुकानाच्या इमारतीत पुढे खादी भांडार थाटले! त्याच रस्त्यावर कमानींखालून जी सावलीची पायवाट जाते, तिच्यावर दुकानदारांनी एवढाल्या पाट्या लावल्या होत्या की कमानी दिसेनाशा झाल्या. १९९५ साली मुंबईत वारसा वास्तूंचे नियम झाल्यावर, वास्तुतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाने पाट्यांना कमानीत बसेल असे माप ठरले व दुकानदारांनी ते बहुतांशी मानले. २००४ साली युनेस्कोने या कामाचा गौरव केला. यात कोणाचा गल्ला बुडाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

परंतु सर्वच बदल गोड मानण्याइतके आम्ही भोळे नाही. काळा घोड्याचे वेसाइड इन बंद पडले. त्याच्या खिडकीपाशी बसून कवी अरुण कोलटकर रस्ता न्याहाळीत असत. तेथे दुसरे उपाहारगृह आले. पोट भरते, पण चहाच्या एका पेल्यावर तासभर बसणाऱ्यास ते सोसेल काय? २०१६ साली ऱ्हिदम हाऊस हे गाण्याच्या तबकड्यांचे दुकान मिटले. इराणी चहावाल्यांचे कोपरे एकामागून एक गेले. जो थोडके भाडे देऊ शकतो तोच गल्लीला तिचे रूप देतो, आणि भाडे वाढले की आधी तोच उठतो.

आपल्या समाजाला जवळची अशी एक जागा सांगितलीच पाहिजे. गिरगावातील खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन कॅथलिक कुटुंबांची लाकडी सज्जांची, बाहेरून जिना असलेली घरे आहेत. एके काळी ती ६५ च्या आसपास होती. आज ३० हून कमी उरली आहेत. जेथे मुले परदेशी गेली व भावांत वाटणी झाली, तेथे बांधकाम कंत्राटदाराचे काम सोपे झाले. उलट एका घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. घराला मिळकत झाली व कौलांची दुरुस्ती त्या मिळकतीतून होऊ लागली. वास्तू जगवावयाची तर तिने काहीतरी कमाविले पाहिजे, असे आम्ही यावरून समजतो.

आमच्या वऱ्हाडात गोष्ट थोडी निराळी. आमच्या शहरांस १९४९ चा सी. पी. अँड बेरार घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. शेजारच्या खानदेशात मुंबईचा कायदा, मराठवाड्यात हैदराबादचा. १९९९ च्या कायद्याने तिन्ही एकत्र केले. त्यात भाड्याचा करार लेखी असून नोंदविला पाहिजे, ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. मालकाने दुरुस्ती न केल्यास भाडेकरूने नोटीस देऊन ती करावी व भाड्याच्या मर्यादित हिश्श्यात वळती करावी, अशीही तरतूद आहे. खेड्यात तो कायदा पोहोचो वा न पोहोचो, कागद करणे शहाणपणाचे आहे. तोंडी व्यवहार दोघांच्या हयातीत चालतो; मुलांच्या काळी त्याचीच भांडणे होतात.

आता त्या तरुणांस उत्तर. धाब्याच्या घराला भिंत क्वचित मारते. त्याला मारतो तो एक न लिंपलेला पावसाळा. मृगापूर्वी माती टाकून पन्हाळ मोकळे केले तर सागवानी कडीपाट आणखी एक पिढी सहज तग धरतो, आणि पाडून नवे बांधण्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. भाडे प्रथम थोडके ठेवावे; शिंपी, सायकल दुरुस्त करणारा, पुस्तके विकणारा असा रोज दार उघडणारा माणूस बसवावा. पण तुळईला वाळवी लागली असेल, तर आमचे हे सारे व्याख्यान फुकट समजून ते छत आधी उतरवावे. जुनेपणाच्या प्रेमापायी कोणाच्या डोक्यावर माती पडू नये.

येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही त्यांपैकी एका दुकानाचे धाबे पाहावयास जाणार आहोत. ज्या सुतार व गवंडी बांधवांस सवड असेल त्यांनी अवश्य यावे, आणि एक मजबूत शिडी बरोबर आणावी. आमच्या घरची मोडली आहे.