चित्रपटाला कात्री की विचाराला?



११ मे १९९८ रोजी बुद्धपौर्णिमा होती. आपण विहारांतून प्राणिहिंसा न करण्याचे शील ग्रहण करीत होतो, आणि त्याच दिवशी पोखरणला अणुस्फोट झाले. १९७४ च्या पहिल्या स्फोटाला तर 'हसरा बुद्ध' हे सांकेतिक नाव होते. करुणेच्या महासागराचे नाव बाँबला! आपल्या समाजाने याविरुद्ध व्यक्त केलेली चीड आनंद पटवर्धन यांच्या 'जंग और अमन' या माहितीपटात नोंदली गेली आहे. पोखरणजवळचे खेतोलाई, जादूगोडाच्या युरेनियम खाणी, हिरोशिमाचे पीडित, पाकिस्तानातील शांतताप्रेमी माणसे, हे सारे त्यात आहे.

२००२ साली सेन्सॉर बोर्डाने या माहितीपटात २१ कट सुचविले. गांधीहत्येच्या दृश्यांबरोबरच दलित नेत्याचे भाषण व बुद्धाची दृश्येही त्यांना खटकली. म्हणजे आपला आवाजच कापायचा होता! पटवर्धनांनी माघार घेतली नाही. आधी अपील न्यायाधिकरण, मग मुंबई उच्च न्यायालय असा लढा देऊन २००३ मध्ये त्यांनी तो एकाही कटाविना मोकळा करून घेतला. त्यांच्या हाती शस्त्र एकच होते : बाबासाहेबांच्या संविधानातील कलम १९.

मात्र तत्त्वाची कसोटी आपल्यालाही द्यावी लागते. २०११ मध्ये प्रकाश झा यांच्या 'आरक्षण' चित्रपटावर आपल्यातील अनेकांनी आक्षेप घेतला. उत्तर प्रदेशाने बंदी घातली. झा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ती बंदी उठली. आक्षेप घेण्याचा हक्क आपल्याला आहेच. पण जे कलम 'जंग और अमन'च्या पाठीशी उभे राहिले, ते 'आरक्षण'साठी नाकारावे काय? आम्हाला वाटते, नाही. न पटलेल्या चित्रपटाला उत्तर लेखाने द्यावे, सभेत द्यावे, दुसरा चित्रपट काढून द्यावे.

२०२१ मध्ये ते अपील न्यायाधिकरणही रद्द झाले. आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. खिशात पैसे नसलेल्या तरुण दिग्दर्शकाने तिथवर कसे पोहोचावे? म्हणून प्रेक्षकांनीच जागे राहिले पाहिजे.

तथागतांनी कालामांना सांगितले की ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या. विद्यार्थी मित्रांनो, जे पाहूच दिले नाही ते पारखणार कसे? म्हणून आधी पाहा, मग वाद घाला.

नमो बुद्धाय! जय भीम!