विखुरलेल्या जाहिराती आणि एक खतावणी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मजसारख्या सेवानिवृत्त शिक्षकाने व्यापाराविषयी चार शब्द बोलावेत अशी चालकांनी आज्ञा केली, तेव्हा प्रथम मला संकोचच वाटला. आयुष्य खडू-फळ्यापाशी गेले. तराजू मी कधी हाती धरला नाही. परंतु ज्या प्रश्नाने माझ्या पुतण्यांचे घर दुभंगण्याची वेळ आली होती, तोच प्रश्न आज आपल्यापैकी अनेक दुकानदारांच्या घरी आहे, हे ध्यानी आल्यावरून हे धाडस करीत आहे.

माझ्या दोघा पुतण्यांचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे वडिलोपार्जित दुकान आहे. पूर्वी जाहिरात म्हणजे दुकानावरची पाटी आणि दिवाळीस वाटलेली हस्तपत्रके. आता संकेतस्थळ आहे, गूगलवर जाहिरात आहे, इन्स्टाग्राम व फेसबुकवर चित्रे आहेत, व्हॉट्सॲपवर मालाची यादी आहे, आणि हस्तपत्रके तर आहेतच. थोरला म्हणे, गिऱ्हाईक गूगलमुळे येते. धाकटा म्हणे, इन्स्टाग्राममुळे येते. पुराव्यादाखल प्रत्येकाजवळ त्या त्या कंपनीने दाखविलेला हिशेब होता. खर्च मात्र एकाच गल्ल्यातून जात होता. बोलाचाली वाढत वाढत वाटणीच्या गोष्टीपर्यंत आली.

नवल हे की, दोघांपैकी कोणाचाही हिशेब खोटा नव्हता. जाहिरात दाखविणारी प्रत्येक कंपनी आपल्यापुरती वही ठेवते. फेसबुक-इन्स्टाग्रामची सामान्य रीत अशी की, जाहिरातीवर बोट ठेवल्यापासून ७ दिवसांत, अथवा ती नुसती पाहिल्यापासून १ दिवसात खरेदी झाली, तर ती आपल्या नावे जमा धरावयाची. गूगलच्या जाहिरातींत ही मुदत सामान्यतः ३० दिवसांची असते. आता एखाद्या गृहिणीने सोमवारी इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवरून तांब्याची घागर पाहिली, गुरुवारी गूगलच्या जाहिरातीवरून येऊन ती मागविली, तर विक्री एकच. परंतु जमा दोन्ही वह्यांत! वर्गातले गणित घालावयाचे तर असे : समजा, दिवाळीत १०० मागण्या आल्या. एक वही म्हणते ६० माझ्या, दुसरी म्हणते ७० माझ्या. बेरीज १३०. वरच्या ३० आल्या कोठून? कोठूनच नाही, त्या दोनदा मोजल्या गेल्या.

यावर तोड काय? ती आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार आले त्या क्रमाने लिहावयाचे, आणि मग प्रत्येक खात्याचे खतावणीत एके ठिकाणी आणावयाचे. खतावणीवाचून रोजकीर्द म्हणजे भाराभर चिंध्या. संकेतस्थळावर येणाऱ्या गिऱ्हाइकांची अशीच खतावणी मांडणारी साधने आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी गूगल ॲनालिटिक्स २००५ सालापासून प्रचारात आहे. त्याच्या जुन्या आवृत्तीने १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेणे थांबविले, आणि सध्या चौथी आवृत्ती चालू आहे. लहान दुकानास पुरेल इतके ते विनामूल्य मिळते.

आमच्या धाकट्या सूनबाईंनी हे काम अंगावर घेतले. त्यांनी जे केले ते क्रमाने सांगतो.

पहिले, खाते घराच्या नावे उघडले. पूर्वी संकेतस्थळ करून देणाऱ्या गृहस्थाने सारी खाती स्वतःच्या नावे ठेविली होती. तो धंदा सोडून गेला, तेव्हा दोन वर्षांच्या नोंदीही त्याच्यासवे गेल्या. दुकानाची किल्ली आपण परक्याच्या कनवटीस ठेवीत नाही. ही किल्लीही ठेवू नये.

दुसरे, बाहेर पाठविलेल्या प्रत्येक दुव्यास चिठ्ठी जोडली. दुवा कोठून आला, कोणत्या प्रकारे आला आणि कोणत्या मोहिमेचा, अशा तीन गोष्टी तीत असतात. हस्तपत्रकावरील चौकोनी संकेतचित्रासही वेगळी चिठ्ठी दिली. येथे शुद्धलेखनाची शिस्त लागते. इंग्रजीत 'दिवाळी' शब्द एकाने मोठ्या अक्षराने आरंभिला व दुसऱ्याने लहान, तर यंत्र त्यांची दोन निराळी खाती मांडते. म्हणून नावांची एक यादी करून ती भिंतीवर लाविली.

तिसरे, विस्तृत तपासासाठीच्या नोंदी मूळ मांडणीत दोनच महिने टिकतात. ती मुदत वाढवून १४ महिने केली. तेव्हाच या दिवाळीशी गेली दिवाळी ताडून पाहता येते.

चौथे, दुकानी येणाऱ्यास "आमचे नाव कोठे पाहिले?" असे पुसून वहीत एक रकाना भरावयास आरंभ केला, कारण गल्ल्यावरची विक्री त्या यंत्रास आपोआप दिसत नाही.

एक दिवाळी अशी गेल्यावर खतावणी उघडली. निष्पन्न असे झाले की, पुष्कळ लोक भांडे प्रथम इन्स्टाग्रामवर पाहतात आणि काही दिवसांनी दुकानाचे नाव गूगलवर शोधून मागणी करतात. म्हणजे एकाने बी पेरले, दुसऱ्याने पीक कापले. आणि दोघे भाऊ एकाच शेतावरून भांडत होते! तिसरीही गोष्ट कळली. जेथे जड भांडी पोहोचविण्याची सोयच नाही, अशा दूरच्या शहरांत एक जाहिरात महिनोन्‌महिने दाखविली जात होती. आंधळे दळत होते आणि कुत्रे पीठ खात होते. ती बंद झाली. वाटणीचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.

तथापि या साधनास सर्वज्ञ मानू नये. एकाच माणसाने भ्रमणध्वनीवर पाहून संगणकावरून खरेदी केली, तर यंत्र त्यास दोन माणसे समजू शकते. व्हॉट्सॲपचे बटण दाबले हे त्यास कळविता येते. पुढील बोलण्यात सौदा ठरला की मोडला, ते कळत नाही. शिवाय गिऱ्हाइकाचे नाव वा दूरध्वनी क्रमांक त्या चिठ्ठ्यांत कदापि घालू नये. गूगलचा नियम त्यास मनाई करतो. देशातही २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. आणि कायद्याहून मोठी गोष्ट म्हणजे विश्वास. आपल्या पूर्वजांनी उधारीची वही चव्हाट्यावर वाचली नाही. ती मर्यादा आपणही पाळावी.

शेवटी मंडळास एक विनंती आहे. आपल्या ज्ञातीतील मुलेमुली आज या विद्येत तरबेज आहेत, आणि लहान दुकानदार मात्र चार ठिकाणी पैसे ओतून कोठले फळले हे न जाणता बसला आहे. महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या सभागृहात या तरुणांनी दोन तास बसावे, आणि ज्यास गरज असेल त्याची खतावणी मांडून द्यावी. यास निधी लागत नाही, केवळ आस्था लागते. पहिल्या रविवारी आमच्या सूनबाई येतील, असा शब्द त्यांनी मला दिला आहे. वही घेऊन शेजारी मी बसेन.