ताट तेच, वाढणी वेगळी



आज १४ नोव्हेंबर. आज बालदिन, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण हाच दिवस जगभर मधुमेह दिन म्हणूनही पाळतात. म्हणून आज आम्ही मधुमेहावर चार शब्द बोलणार आहोत. औषधावर नव्हे. औषध देणं हे डॉक्टरांचं काम. आम्ही बोलणार जेवणावर. कारण हा रोग आमच्या स्वतःच्या अंगात आहे, आणि जेवणाच्या बाबतीत आम्ही ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत.

रोग कळला तेव्हा आम्ही घाबरलो. कुणी म्हणालं, भात सोडा. कुणी म्हणालं, पोळी सोडा. कुणी म्हणालं, नुसता कारल्याचा रस प्या. घरात आमचा स्वयंपाक वेगळा होऊ लागला. सगळे गोलाकार बसून हसतखेळत जेवत, आणि आम्ही बाजूला बसून बेचव उकडलेली भाजी चिवडीत असू. लग्नाचं आवतण आलं तर तब्येतीचं निमित्त सांगून घरी राहू. जेवणाची वेळ झाली की जीव नको होई.

अशात आषाढी एकादशी आली. सकाळी नेहमीची गोळी घेतली आणि कडक उपवास धरला. दुपारी देवळात भजनाला बसलो. बसल्या बसल्या हात थरथरू लागले. दरदरून घाम फुटला. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हातातले टाळ गळून पडले. शेजारी बसलेल्या गड्याने ओळखलं. त्याच्या आईलाही हाच रोग होता. त्याने धावत जाऊन साखरपाणी आणलं आणि पाजलं. थोड्या वेळाने आम्हाला हुशारी आली.

त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट कळली. या रोगात फार खाणं वाईट, तसं उपाशी राहणंही वाईट. वेळेवर आणि बेताने खाणं हेच खरं पथ्य.

हा रोग आहे तरी काय? शेताचं उदाहरण घेऊ. पाटाला पाणी आहे, पण वाफ्याचं दार उघडत नाही. मग काय होतं? पाट तुडुंब भरतो आणि पीक मात्र तहानलेलं राहतं. आपण भाकरी खातो, भात खातो, त्याची पोटात साखर होते आणि ती रक्तात येते. रक्तातून ती अंगाच्या कणाकणात जायला हवी. ते दार उघडायला इन्सुलिन नावाचा रस लागतो. तो कमी पडला, किंवा त्याचं काम नीट चाललं नाही, की साखर रक्तातच साचते. अशी वर्षानुवर्षं साचली तर डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पाय यांना इजा होते.

पूर्वी या रोगावर धड इलाज नव्हता. डॉक्टर रोग्याला जवळजवळ उपाशी ठेवीत. १९२१ साली कॅनडा देशातल्या टोरांटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन शोधून काढलं. ११ जानेवारी १९२२ रोजी ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं. आजचा दिवस हा त्या बँटिंगसाहेबांचा जन्मदिवस. उपासमारीचे ते दिवस गेले. मग आपण ते का चालू ठेवावेत?

आता जेवणाकडे वळू. आधी चहाचा हिशेब करू. आम्ही मास्तर माणूस, गणित सुटत नाही! दिवसाला चहा पाच कप. दर कपाला साखर दोन चमचे. झाले दहा चमचे. चमच्यात साखर सुमारे ५ ग्रॅम धरा. म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम आणि महिन्याला दीड किलो! एका माणसाच्या पोटात, नुसत्या चहातून. आम्ही आधी एक चमचा केला, मग अर्धा, मग सोडली. पंधरा दिवस चहा अळणी लागला. आता गोड चहाच घशाखाली उतरत नाही. काही लोक साखरेऐवजी गूळ घालतात आणि चालतो म्हणतात. चालत नाही. रक्ताला गूळ काय नि साखर काय, दोन्ही सारखेच.

आता ताट घ्या. त्यावर मनाने मधोमध रेघ मारा. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर. मेथी, शेपू, तांदुळजा, अंबाडी, दोडका, पडवळ, गवार, भेंडी, वांगं, जे परड्यात असेल ते. बटाटा आणि रताळं मात्र या भाजीत मोजू नका. ती भाकरीच्या वाट्यात मोजा. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. एका भागात डाळ, मटकीची उसळ, पिठलं, अंडं किंवा मासळी. दुसऱ्या भागात भाकरी किंवा भात. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी डाळी-उसळींचं माप डॉक्टरांना विचारून ठरवावं.

ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली. तिच्यात कोंडा असतो. कोंड्यामुळे आणि भाजीमुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. पाटाला पाणी एकदम सोडलं तर बांध फुटतो, बेताने सोडलं तर मुरतं. तसंच हे. पण भाकरी चांगली म्हणून चार खाल्ल्या तर बांध फुटणारच. भात हवा असेल तर भाकरी कमी करा. आधी भाजी नि उसळ खा, भात शेवटी थोडा घ्या. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नका. थोडे पाय मोकळे करा.

कुणी म्हणेल, मास्तर, यात चव कुठे आहे? अहो, चव साखरेतच असते होय? लसणाची फोडणी दिलेली मेथी, जवसाची चटणी, कांदा-टोमॅटोची कोशिंबीर, जिरं घातलेलं ताक, वर लिंबाची फोड. असं ताट समोर आलं तर पाहुणाही दोन घास जास्त खाईल. आमच्या घरी आता सगळ्यांचा स्वयंपाक एकच होतो. मधुमेह्याचं जेवण म्हणून काही निराळं नाही. घरच्या सगळ्यांना तेच चांगलं. आम्ही पुन्हा पंगतीत बसू लागलो, हे आम्हाला औषधाइतकंच लागू पडलं.

सणाला काय करायचं? पुरणपोळी पाहून तोंड फिरवायचं? नाही. आम्ही अर्धी पोळी घेतो. त्या जेवणात भात आणि चपाती नाही, गुळवणी नाही. कटाची आमटी मात्र घेतो. अर्धी पोळी सावकाश चावून खाल्ली तर पूर्ण पोळीचं समाधान देते. पण सण म्हणजे सण. रोज सण करू नये! आणि पंगतीत वाढणाऱ्यांना एक विनंती. पाहुण्याने नको म्हणून ताटावर हात धरला, तर त्या हातावर जिलबी टाकू नका. तो आग्रह प्रेमाचा नव्हे.

उपवास करायचा असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं की आमच्यासारखी गत होते. आणि साबुदाण्याच्या खिचडीला हलकं समजू नका. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ. त्याची साखर झटकन होते.

आता आमच्या माताभगिनींसाठी एक गोष्ट. आपल्याकडे घरची बाई सगळ्यांच्या मागून जेवते. सकाळी गोळी घेते, मग चूल, धुणं, गुरंढोरं, आणि जेवायला दुपारचे दोन वाजतात. ताटात काय उरतं? भाजी संपलेली, डाळीचं पाणी नि भात. हे तिच्या जिवाशी येतं. मंडळी, जिला मधुमेह आहे तिला वेळेवर वाढा. नाही तर सगळे बरोबर बसा. हे पथ्य बाईने नव्हे, घराने पाळायचं.

शेवटी एवढं ध्यानात ठेवा:

१. हात थरथरले, घाम आला, अंधारी आली, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यावी. मग जेवू घालावं.

२. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. ताबडतोब दवाखान्यात न्यावं.

३. बरं वाटलं म्हणून औषध आपल्या मनाने सोडू नये.

४. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आरोग्य केंद्रात जाऊन साखर तपासून घ्यावी. रोग असला तरी पुष्कळदा तो कळून येत नाही.

आमचं भाषण संपलं. पुढल्या पंगतीत आम्ही तुमच्या शेजारीच बसू. राम राम.